हलक्या रायफलीने मोठं जनावर: .२२३ घेऊन हरणाला जावं का?

आर्द्रा (फोर्ट कॉलिन्स)

नमस्कार मंडळी. कोलोरॅडोत येऊन मला अकरा वर्षं झाली. आमच्याकडे मांस वर्षभर शिजतं. ते आपण स्वतः मिळवावं, जनावर कुठे वाढलं आणि कसं मेलं हे आपल्याला ठाऊक असावं, असं दोन-तीन वर्षं मनात घोळत होतं. हंटर एज्युकेशनचा कोर्स मागेच केला. यंदा ड्रॉमध्ये (परवान्यांच्या सोडतीत) म्यूल डिअर या हरणाच्या मादीचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, लागला.

अडचण बंदुकीची आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. ऑफिसातल्या एकाने रेंजवर (नेमबाजीच्या मैदानात) त्याची .३०-०६ रायफल हातात दिली. पहिली गोळी कागदावर लागली, दुसरी कडेला. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटत होते. रात्री खांदा काळानिळा.

दुसरा सहकारी टेक्सासचा. तो म्हणाला, "माझी .२२३ घेऊन जा, मी घरी दरवर्षी पांढऱ्या शेपटीची हरणं हिनेच मारतो." तिला धक्का म्हणून नाहीच. शंभर यार्डांवर माझ्या पाचही गोळ्या आमटीच्या वाटीच्या तोंडात मावतील एवढ्यात बसल्या. तिसरा सांगतो, .३०० मॅग्नमच्या खालचं काही घेऊन डोंगरात जाऊच नकोस. वाचून वाचून डोकं भणाणलंय.

छोट्या कॅलिबरने, म्हणजे बारीक गोळीच्या रायफलीने, मोठं जनावर मारणं बरोबर आहे का? माझ्याकडून जनावराचे हाल होऊ नयेत, एवढी एकच माझी अट आहे. पुढच्या वर्षी एल्कच्या (हरणाच्याच कुळातलं, पण कितीतरी मोठं जनावर) मादीसाठी अर्ज करणार आहे, तेव्हा दोन्हीला एकच रायफल चालली तर बरं. जाणकारांनी सांगावं.

गोळीबंद

ताई, कॅलिबरचा एवढा बाऊ करू नका. स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल, ज्याला करामोजो बेल म्हणायचे, त्याने आफ्रिकेत हजाराच्या वर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने, म्हणजे ७ मिलिमीटरच्या गोळीने. कॅनडात अल्बर्टातल्या स्लेव्ह लेकजवळ १९५३ साली बेला ट्विन या त्रेसष्ट वर्षांच्या क्री बाईने साध्या एकबारी .२२ ने ग्रिझली अस्वल पाडलं. त्याची कवटी तेव्हा विक्रमी ठरली. त्या .२२ च्या मानाने तुमची .२२३ म्हणजे तोफ. नेम पक्का असला की झालं.

साधामाणूस

मी पुण्यात राहतो, शिकार केली नाही आणि करणारही नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हे सगळं थांबलं याचा मला मनापासून आनंद आहे. तरी तुमचा प्रश्न वाचून थांबलो. जनावराचे हाल होऊ नयेत हे तुम्ही शेवटी लिहिलंय. ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं असं वाटलं. बाकी मला यातलं कळत नाही.

देवगडकर

आर्द्राताई, मी वायव्य कोलोरॅडोत मीकरच्या बाजूला एकोणीस वर्षं राहतोय आणि त्यातली सोळा वर्षं शिकारीला जातोय. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

आधी कायदा, कारण तुमच्या प्रश्नाचा निम्मा निकाल तिथेच लागतो. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी रायफल सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणारी) आणि .२४ कॅलिबर किंवा त्याहून मोठी लागते. गोळी आत गेल्यावर फुलणारी हवी. हरीण, प्रॉन्गहॉर्न, अस्वल यांना ती किमान ७० ग्रेनची (पंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम), एल्क आणि मूसला किमान ८५ ग्रेनची. शिवाय शंभर यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड जोर शिल्लक पाहिजे. .२२३ ची गोळी .२२४ इंच जाडीची. ती इथे बसतच नाही, मग तुमच्या पाच गोळ्या वाटीत मावोत की चमच्यात. तिची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर हजाराच्या खालीच येते. टेक्सासात हरणाला रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसणारी, .२२ सारखी हलकी) चालत नाही, सेंटरफायर कुठलीही चालते, तेव्हा तुमचा सहकारी चुकीचं सांगत नाहीये. पण तो तिकडचा नियम आहे. तिकडचं हरीणही अंगाने लहान, आणि बहुतेक वेळा फीडरपाशी (दाणा टाकणाऱ्या यंत्रापाशी) येऊन उभं राहिलेलं, मारणारा मचाणावर निवांत बसलेला. आपल्याकडे उतारावर, वाऱ्यात, धाप लागलेली असताना चाप ओढायचा असतो.

आता बेल आणि बेला ट्विन. गोळीबंद, तुम्ही सांगितलंत ते खरंच आहे, पण त्या गोष्टींचा पुढचा अर्धा भाग कुणी सांगत नाही. बेलची गोळी बारीक होती, हलकी नव्हती. १७३ ग्रेनची, लांब, बोथट तोंडाची, फुलणारी नव्हे तर आरपार सरळ जाणारी. हत्तीचा मेंदू डोक्यात नेमका कुठे बसलाय हे बघायला त्याने कवटी करवतीने उभी कापून पाहिली होती. कुठल्याही बाजूने हत्ती दिसला तरी आतला मेंदू त्याच्या डोळ्यांपुढे असायचा. आणि तो जवळ जायचा, माणूस सहसा जाणार नाही इतक्या जवळ. बेला ट्विन तर अस्वलाच्या मागावर गेलीच नव्हती. अस्वल येताना दिसलं म्हणून ती आणि तिचा सोबती आडोशाला लपले, ते निघून जाईल या आशेने. अगदी काही पावलांवर आलं तेव्हा तिने डोक्याच्या बाजूला गोळी घातली, आणि ते पडल्यावरही मेल्याची खात्री होईपर्यंत डोक्यातच गोळ्या घालत राहिली. हातात जे होतं त्याने तिने जीव वाचवला. ती .२२ कुणी अस्वलासाठी म्हणून निवडलेली नव्हती.

आपल्या लोकांना जिम कॉर्बेट जवळचा, म्हणून त्याचंही सांगतो. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली त्याला भेट मिळालेली रायफल हीच, .२७५ रिग्बी. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने मारला तो रात्री, आंब्याच्या झाडावर बसून, खाली बांधलेल्या बकरीपाशी. अंतर किती असेल ते बघा.

हलक्या रायफलीने मोठं जनावर मारणारा प्रत्येक जण एक तर फार जवळ होता, नाही तर फार थांबला होता. बहुतेकदा दोन्ही. नवख्याला .२२३ देताना "धक्का नाही, सोपी आहे" म्हणतात. चालवायला सोपी हे खरं, पण जनावराच्या बाबतीत ती सगळ्यात अवघड बंदूक आहे. गोळी चार बोटं इकडे-तिकडे गेली तर सावरून घ्यायला तिच्यात काही उरत नाही. त्यातून दुकानात .२२३ च्या गोळ्या बहुतेक कायोटी किंवा प्रेअरी डॉगसारख्या छोट्या जनावरांसाठी बनवलेल्या मिळतात. पातळ सालीच्या, लागताच फुटणाऱ्या. हरणाच्या खांद्याच्या हाडावर ती वरच्यावर फुटते, ताटलीएवढी जखम होते, आतली फुप्फुसं शाबूत राहतात. तसं जनावर मरतं आठवड्याने. ७७ ग्रेनच्या लांब गोळीने हल्ली लोक एल्कसुद्धा पाडतात, पण ते वर्षाला हजारो गोळ्या उडवणारे लोक आहेत.

मी हे का सांगतोय तेही लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे .२४३ विंचेस्टर होती. १०० ग्रेनची गोळी. वर लिहिलेला प्रत्येक नियम तिने पाळला होता. नोव्हेंबरातली सकाळ, ढोपराला येईल एवढा बर्फ, एल्कच्या मादीचा टॅग. ऐंशी-नव्वद एल्कांचा कळप सेजब्रशच्या उतारावर आडवा चालला होता. रेंजफाइंडरमध्ये २८० यार्ड. एक मादी थांबली, कूस माझ्याकडे. मी चाप ओढला त्याच क्षणी तिने माझ्या दिशेने एक पाऊल टाकलं. दुर्बिणीतून दिसलं की तिचा पुढचा पाय लुळा झाला, आणि कळप रिजच्या पलीकडे गेला.

जिथे ती उभी होती तिथे गेलो. केसांचा पुंजका, दोन ठिकाणी रक्त, आणि बर्फात रुतलेला हाडाचा एक तुकडा, चिंचोक्याएवढा, एका बाजूने गुळगुळीत, दुसरीकडून करवतीसारखा. रक्त लालभडक आणि स्वच्छ. फुप्फुसाचं रक्त गुलाबी असतं, त्यात बुडबुडे असतात. यकृताचं काळपट. पोटात लागली तर हिरवट घाण आणि वास. यातलं काहीच नव्हतं. म्हणजे खांद्याच्या हाडावर लागून गोळी तिथेच संपली होती. तो अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी माग काढला. आधी दहा पावलांवर एक थेंब, मग पन्नास पावलांवर. एका ठिकाणी ती बसली होती, बर्फ वितळून अंगाचा आकार उमटलेला, खांद्याच्या जागी ताम्हनाएवढा लाल डाग. मग अस्पेनची राई लागली, मग काळोखं फरचं रान, तिथे शेकडो खुरांच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या, आणि वरून नवा बर्फ. सापडली नाही. टॅग माझ्या खिशात होता, तो मी वापरला म्हणून धरला आणि घरी आलो. बायकोने विचारलं काय झालं, तर तिला सांगता येईना.

तो तुकडा अजून माझ्या काडतुसांच्या डब्यात आहे.

दोष .२४३ चा नव्हता. ती चांगली रायफल आहे. १९५५ पासून तिने किती हरणं पाडली असतील त्याला गणती नाही. साडेतीन क्विंटलांपर्यंत जाणाऱ्या जनावरांच्या कळपावर २८० यार्डांवरून ती चालवायचा निर्णय माझा होता. त्या अंतरावर तिच्यात जेमतेम अकराशे फूट-पाउंड उरतात. बरगडीतून गेली असती तर पुरलं असतं. हाडाला पुरलं नाही.

माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रात्री डुकरांसाठी मळ्यात राखण. एकदा उडवली की पुन्हा दारू भरा, गज घालून ठासा, टोपी लावा, तोवर डुक्कर शेजारच्या गावात. ते म्हणायचे, "गोळी एकच आसा रे झिला. काळजात बसतली असा वाटला तरच चाप ओढ, नायतर जनावराक जावक दी." वीस पावलांच्या आत आल्याशिवाय त्यांनी बंदूक उडवलेली घरात कुणाला आठवत नाही. हे मला लहानपणापासून तोंडपाठ होतं. पाच गोळ्यांची रायफल आणि नऊपट मोठं दिसणारी दुर्बीण हातात आली आणि मी ते विसरलो.

आता तुमच्यासाठी. .३०० मॅग्नम सांगणाऱ्याचं ऐकू नका. डोळे मिटून मारलेली मॅग्नम पोटात लागते, आणि पोटात लागलेली मॅग्नम .२२३ इतकीच वाईट. फक्त हरणासाठी रायफल हवी असती तर .२४३ घ्या म्हटलं असतं, धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा. पण एल्क डोक्यात असेल तर ७ एमएम-०८ बघा. बेलच्या आणि कॉर्बेटच्या रायफलीची गोळी जेवढ्या जाडीची, तेवढ्याच जाडीची हिची. १४० ग्रेनची गोळी, धक्का .२४३ पेक्षा थोडा जास्त, .३०-०६ पेक्षा बराच कमी. ६.५ क्रीडमूर ही रायफलही साधारण तशीच. रायफल वजनाला फार हलकी घेऊ नका. हलकी रायफल खांद्याला जास्त लाथ मारते. दस्त्यामागे जाड रबराचं पॅड लावून घ्या आणि दस्त्याची लांबी तुमच्या हाताप्रमाणे कापून घ्या. दुकानातले दस्ते सहा फुटी माणसाच्या मापाचे असतात. तुमचा खांदा दुखला त्याचं निम्मं कारण तेच असणार.

गोळी तांब्याची घ्या. ती फुटून तिचे तुकडे उडत नाहीत, वजन टिकवून खोल जाते, आणि शिशाचे कण मांसात राहत नाहीत. घरात मुलं असतील तर हे आणखी महत्त्वाचं.

ऑस्टिनवासी

फार छान लिहिलंय देवगडकर. एक शंका. मी एच-वन-बी वर आहे. मला रायफल हातात तरी घेता येते का?

देवगडकर

नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला इथल्या फेडरल कायद्याने मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. परवाना संपला की तो अपवादही संपतो, हे लक्षात ठेवा. मित्राची रायफल रेंजवर "जरा धरून बघतो" हेसुद्धा बाळगण्यातच येऊ शकतं. ग्रीन कार्डाची आशा असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय बोटही लावू नका.

उत्तरवारा (स्वीडन)

मी ग्योटेबोर्गजवळ राहतो, इथल्या शिकार मंडळात सात वर्षं आहे. इथे मूससाठी ६.५×५५ ही १८९४ ची फौजी काडतूस शंभर वर्षांहून जास्त चालत आलीय, आणि मूस म्हणजे एल्कपेक्षाही मोठं जनावर. तीही बारीकच गोळी, पण १५६ ग्रेनची, बोरूसारखी लांब, हळू जाणारी आणि खोल शिरणारी. इथला कायदा जाडी मोजत नाही, गोळीचं वजन आणि जोर मोजतो. ९ ग्रॅमची गोळी असेल तर शंभर मीटरवर २७०० जूल हवेत. १० ग्रॅम किंवा वर असेल तर २००० पुरतात. जड गोळीला सूट मिळते, यातच सगळं आलं.

मला त्याहून आवडलेला नियम कुत्र्याचा. मूसच्या शिकारीत जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर आणता आला पाहिजे. तशी सोय नसेल तर शिकारीला निघायचंच नाही. देवगडकरांची गोष्ट वाचताना सारखं वाटत होतं, तिथे आमची एल्कहाउंड कुत्री असती तर.

आर्द्रा

देवगडकरदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. साधामाणूस, तुमचंही पटलं.

.२२३ सहकाऱ्याला परत केली. दुकानात ७ एमएम-०८ धरून पाहिली, दस्ता एक इंच कापून मिळेल म्हणाले. आता सराव कसा करू? आणि किती अंतरापलीकडे मारायचं नाही हे कसं ठरवायचं?

देवगडकर

सरावाचा मोठा भाग .२२ रिमफायरवर करा. धक्का नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त. डोळे मिटायची सवय तिथेच मोडते. मोठ्या रायफलीच्या एका दिवशी दहा-बाराच गोळ्या, त्याही कानात बोळे आणि वर इअरमफ असे दोन्ही लावून. माणूस दचकतो तो धक्क्याला कमी, आवाजाला जास्त. मधूनच मैत्रिणीला रिकामी किंवा भरलेली, तुम्हाला न सांगता, रायफल हातात द्यायला सांगा. रिकामी असताना नळी खाली गेली तर समजा अजून दचकताय.

टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारणं फक्त दुर्बीण जुळवण्यापुरतं. नंतर टेबलाकडे फिरकू नका. आठ इंची कागदी ताटली लावा, साधारण तेवढीच हरणाच्या काळजा-फुप्फुसांची जागा. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने, आणि पार्किंगपर्यंत दोन फेऱ्या पळून येऊन लगेच. दहापैकी दहा गोळ्या ताटलीत बसतात ते तुमचं अंतर. नऊ बसल्या तर पंचवीस यार्ड पुढे या. माझं अंतर आज १८० आहे. त्यापलीकडचं जनावर माझं नाही.

आणि समोरून, मागून, किंवा चालताना मारू नका. कूस पूर्ण दिसू दे, मग गोळी पुढच्या पायाच्या मागे, अंगाच्या खालच्या एक तृतीयांश भागात. लागल्यावर जागचं हलू नका, जिथे शेवटचं दिसलं तिथलं झुडूप ध्यानात ठेवा, अर्धा तास थांबा. ढोसलं नाही तर ते जवळच बसतं.

आर्द्रा

मंडळी, कळवायचं राहिलं होतं. माझं अंतर ठरलं १२५ यार्ड.

पहिले दोन दिवस मारलं नाही. पहिल्या दिवशी एक मादी दीडशेवर होती, मी बसून राहिले, ती चरत पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी ऐंशीवर दोघी आल्या, पण एकीच्या मागे दुसरी उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, सूर्य नुकता रिजवर आलेला, एकटी मादी जुनिपरच्या मधून बाहेर आली. पंचाण्णव यार्ड. ती तीनदा वळली. चौथ्यांदा कूस दिली. धक्का बसल्याचं मला आठवतसुद्धा नाही.

ती साठेक पावलं पळाली आणि झुडपाआड गेली. मी घड्याळ लावून अर्धा तास बसले, हात थरथरत होते. गेले तेव्हा रक्त गुलाबी होतं, बुडबुड्यांचं, आणि ती झुडपाच्या पलीकडच्या अंगालाच पडलेली होती. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेली. मी तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसले. अजून ऊब होती.

एल्कचा अर्ज एप्रिलमध्ये भरणार आहे. देवगडकरदादा, मीकरच्या बाजूचा भरला तर एक दिवस सोबत याल का?

देवगडकर

येईन. पण बंदूक नाही आणणार. दुर्बीण आणि दोर घेऊन येतो.